उलट्या बाजूची काजं

१२ जानेवारी

बाबा,

पाकिटावरचा पत्ता मी उजव्या हाताने लिहिला आहे, म्हणजे दादाला वाटेल कुणा गिऱ्हाइकाचं पत्र आहे आणि तो ते तुमच्यापर्यंत पोचवेल. पट्टीचे मार देऊन तुम्हीच शिकवलेलं अक्षर आहे ते. अजूनही कोंबडीने उकरल्यासारखंच येतं. आतला मजकूर मात्र डाव्या हाताचा आहे. बघवत नसेल तर डोळे मिटून वाचा.

मी बरी आहे. राहायला खोली मिळाली आहे आणि नोकरीही. शिंपीकाम नाही, घाबरू नका, तुमचं नाव मी कुठेही सांगितलेलं नाही. सिस्टर लोकांनी चालवलेला म्हाताऱ्यांचा आश्रम आहे, तिथल्या धुलाईघरात आहे मी. दिवसभर चादरी. ओल्या चादरी, वाळलेल्या चादरी, इस्त्रीच्या चादरी. चादरीला ना गळा असतो, ना बाही, ना काज. फार गुणी कापड आहे.

त्या दिवसाबद्दल लिहिणार नव्हते, पण हात तिकडेच वळतो. साहेबांच्या काळ्या कोटाची काजं मी उलट्या बाजूला कापली. पुरुषाच्या कोटाला काजं डावीकडे आणि बटणं उजवीकडे, हे मला बाराखडीच्या आधी पाठ होतं. तरी हात आपल्या वळणाने गेला आणि कोट बायकी झाला. कापलेलं काज परत मिटत नाही, तेव्हा तुमचा संताप मला कळतो. ओरडला असतात, दोन दिवस अबोला धरला असतात, तरी चाललं असतं. पण तुम्ही साहेबांकडे वळून हसत म्हणालात, "काय करणार, हिला देवानेच घाईत शिवलंय." मग दादाच्या हातात कात्री दिलीत आणि मला म्हणालात, "दुकानाची पायरी परत चढू नकोस."

साहेबही हसले होते. कॉलरमध्ये टाचणी राहून जावी तसं ते हसणं अजून मानेला टोचतं.

उत्तर लिहा असं मी म्हणत नाही. पत्र वाचलंत एवढं कळलं तरी पुरे. कसं कळवायचं ते तुमचं तुम्ही बघा.

तुमची (तेव्हापर्यंतची) मुलगी

२ मार्च

बाबा,

काहीच कळवलं नाहीत. म्हणजे एक तर वाचलं नाहीत, किंवा वाचून इस्त्रीच्या टेबलाखाली सारलंत. तुम्हाला न आवडलेलं सगळं तिथेच जातं. तिथे जागा उरली असेल तर हेही सारा.

इथे सकाळी सगळे प्रार्थनेला जातात. मी आत जात नाही, दाराबाहेरच्या बाकावर बसते. मोठ्या सिस्टर, म्हणजे इथल्या प्रमुख, उंचीने माझ्या खांद्यालाही लागत नाहीत, पण आवाज असा की वरच्या मजल्यावरचे बहिरेसुद्धा दचकतात. त्यांनी परवा मला विचारलं, "आत काय साप आहे?"

मी म्हटलं, "मी डावरी आहे."

"मग? मी बुटकी आहे."

तेव्हा मला सांगावंच लागलं. तुम्हाला आठवतंय का, मी डाव्या हाताने चमचा उचलला की तुम्ही म्हणायचात, "शेवटच्या न्यायाच्या दिवशी देव मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे उभी करणार आहे. आमच्या बाईसाहेबांनी आत्तापासूनच जागा धरून ठेवली." सगळं टेबल हसायचं. आईसुद्धा पदरात हसायची. माझे तेव्हा दुधाचे दात पडत होते. त्यानंतर कितीतरी दिवस मी शाळेत जाताना रस्त्याच्या उजव्या कडेनेच चालायचे, की देवाने वरून पाहिलं तर घोटाळा नको.

सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आणि त्या गोष्टीत पुढे काय आहे?"

"शेरडं जातात वाईट ठिकाणी."

"ते शेवटी. मधे काय विचारलंय?"

इतक्या वर्षांत मी बायबलातली ती गोष्ट डाव्या-उजव्यापुढे ऐकलीच नव्हती.

"बाप अर्ध्या गोष्टीवरून उठला वाटतं," त्या म्हणाल्या. "वाच आणि मग ये. देवाशी भांडायचं असेल तर आत बसून भांड. बाहेरूनही त्याला ऐकू जातं, पण तुझं नाक गळतंय."

मी वाचलं, बाबा. तिथे हाताबद्दल एक अक्षर विचारलेलं नाही. मी भुकेला होतो तेव्हा कुणी वाढलं, परका होतो तेव्हा कुणी आत घेतलं, असं विचारलंय. आणि मग विचारलंय की मी उघडा होतो तेव्हा मला कपडे कुणी घातले. राजा होऊन सिंहासनावर बसलाय आणि प्रश्न विचारतोय शिंप्याचा! तुम्ही रविवारचं चर्च चुकवत नाही आणि हे तुम्हाला कधी दिसलं नाही?

मग मी आत गेले आणि भांडले. मला घाईत का शिवलंस, असं सरळ विचारलं. उत्तर आलं नाही, पण मधे बोलून त्याने मला थांबवलंही नाही. आपल्या घरात ते आजवर कुणाला जमलेलं नाही.

तुमची मुलगी (बाकावरून आत गेलेली)

१९ एप्रिल

बाबा,

आज लिहिताना हसू येतंय आणि रडूही. त्यामुळे अक्षर माफ करा.

आश्रमात एक म्हातारे आहेत. घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना घड्याळजी म्हणतात. अर्धांगाने त्यांचा उजवा हात गेला. रोज सकाळी शर्ट घालताना तमाशा. दुसऱ्या कुणी बटणं लावलेली खपत नाहीत आणि डाव्या हाताने लागत नाहीत. मी धुतलेले कपडे द्यायला जाते तेव्हा ते बटणाला शिव्या देत असतात. "केसाएवढी स्प्रिंग बसवली मी आयुष्यभर," म्हणतात, "आणि आज हे चार भोकांचं बटण मला हरवतंय!" मग भिंतीकडे तोंड करून बसतात. एकदा मी म्हटलं, "आजोबा, बिनबटणाचा सदरा आणू का, डोक्यातून घालायचा?" तर म्हणाले, "तो बाळांना घाल. मी शर्ट घालणारा माणूस आहे."

इथली शिवणारी बाई नोकरी सोडून गेली. मोठ्या सिस्टर माझ्यामागे लागल्या होत्या की तुला येतं तर तू बस. मी चक्क नाही म्हटलं. कात्रीला हात लावायचा नाही असं मी ठरवलं होतं. पण घड्याळजींचा एकुलता एक धड शर्ट धुताना पाठीत फाटला, तो माझ्याच हातून. मग शिवणघराची किल्ली मागून घेतली, एक जुनी चांगली चादर काढली आणि गुपचूप शर्ट बेतून शिवला.

बाबा, मी काजं परत उलट्या बाजूला कापली.

पाच काजं. शेवटचं कापून झाल्यावर दिसलं. मी तशीच जमिनीवर बसले. तुम्ही दारात उभे आहात असं वाटलं मला, साहेबांना घेऊन. शर्ट गोळा करून चिंध्यांच्या टोपलीत तळाशी खुपसला आणि खोलीवर जाऊन पांघरूण घेतलं. देवाला म्हटलं, "बघितलंस? त्यांचं काही चुकलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी धुलाईघरात मोठ्या सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या. चिंध्यांची टोपली त्यांनीच उपसली होती, आणि मागून कळलं, शर्टाला बटणंही त्यांनीच लावली होती. म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर." मला वाटलं, झालं, इथूनही.

घड्याळजी खाटेवर बसले होते. अंगात तो शर्ट. वरचं बटण लावलेलं, दुसरं लावलेलं, आणि तिसऱ्यावर डावा हात काम करत होता. जीभ दातात धरली होती. बटण काजात सरकलं तेव्हा ते वर न बघताच म्हणाले, "कोणी शिवलाय हा? माझ्या हाताच्या बाजूने शिवलाय."

तुम्हाला समजावून सांगायला नको, पण तरी सांगते, कारण मला सांगायचंय. बटणं डावीकडे आली, म्हणून त्यांच्या चालत्या हाताला ती नीट धरता आली आणि काजात ढकलता आली. बाकी मग मी जाणूनबुजून केलं. दुसऱ्या शर्टाला बटणं मोठी घेतली, काजं आडवी कापली, आणि बटणाखाली दोऱ्याचा देठ चांगला उंच गुंडाळला, म्हणजे बोट खाली शिरतं. देठ उंच ठेवणं हेच खरं. ते एक लक्षात ठेवा, कधी कुणाला लागलं तर.

आता मला सहा शर्टांची मागणी आहे. मागणाऱ्यांतले दोघे तर धडधाकट आहेत, नुसते हट्टाला पेटलेत.

तुमची मुलगी

२५ मे

बाबा,

"नाचता येईना, अंगण वाकडं," हे तुम्ही मला किती वेळा ऐकवलंत? मी कापड कापलं आणि कड नागमोडी आली की ऐकवायचात. आता ऐका. अंगण खरंच वाकडं होतं.

शिवणघर सिस्टरांनी माझ्या ताब्यात दिलं. पूर्वेला मोठी खिडकी, खाली अंगण, पायाचं जुनं मशीन, भिंतीला लावलेलं लांब टेबल. पहिल्या आठवड्यात सिस्टर मला कापताना बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मान अशी वाकडी का करतेस?" मी म्हटलं, "त्याशिवाय रेघ दिसत नाही." त्यांनी काहीतरी पुटपुटून मोठा श्वास सोडला आणि गेल्या. महिन्याभराने पार्सल आलं. डावऱ्यांची कात्री! अशी असते म्हणून मला माहीतच नव्हतं. पाती उलटी बसवलेली असतात. आपल्या साध्या कात्रीचं वरचं पातं डाव्या हातात धरलं की नेमकी खडूची रेघ झाकतं. मी आजवर सगळं आयुष्य अंदाजाने कापलं, बाबा. आणि तरीही तुम्ही माझे ब्लाउज गिऱ्हाइकांना विकलेत.

पहिली रेघ कापली आणि मला कापताना रेघ दिसली. एवढंच झालं. मी टेबलाला टेकून हमसून हमसून रडले. घड्याळजी दारात चाकाच्या खुर्चीवर होते, घाबरून ओरडले, "बोट कापलं का?"

तुम्ही मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही. तुम्हालाही माहीत नसणार. तुमच्या वडिलांची कात्री होती ती. आपल्याकडे कात्री बदलता येते असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, हात बदलायचा एवढंच आलं.

तुमची मुलगी

४ ऑगस्ट

बाबा,

दादाचं कार्ड आलं. एकच ओळ. "बाबांची तब्येत जरा नरम आहे, काळजीचं कारण नाही." दादा काळजीचं कारण नसताना कधी शाईचा थेंब खर्च करत नाही. मी लगेच उलट टपाली विचारलं, काय झालंय. उत्तर नाही. तुम्हा दोघांना मौनाचं वरदान आहे.

म्हणून आज मी भांडण लिहीत नाही. मला जे मिळालं ते सांगते. तुम्ही अंथरुणावर असाल तर ऐकायला बरं आहे.

काल एक नवीन आजोबा आले. दोन्ही हात थरथरतात. त्यांना मीच शर्ट घालत होते, समोर गुडघ्यावर बसून. त्यांच्या उजव्या खांद्याची शिवण माझ्या डाव्या हाताला आली आणि मला तुमचा आवाज ऐकू आला. नवीन कारागीर आला की तुम्ही पहिल्या दिवशी शिकवायचात, "समोर उभ्या माणसाचा उजवा खांदा आपल्या डाव्या हाताला. हे विसरलास तर घरी जा."

मी तशीच थांबले. बाबा, देव शेवटच्या दिवशी आपल्याकडे पाठ करून बसणार आहे का? आपल्याकडे बघतच बसणार. मग त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. मेंढरं उभी असणार ती आपल्या डावीकडे! माप घेणाऱ्या कुणालाही हे कळायला हवं होतं. तुम्हाला आणि मलाही.

मी हे मोठ्या सिस्टरांना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाल्या, "बाजू कुठलीही असू दे, तो तोंड तुझ्याकडे करून आहे हे तुला कळलं ना? मला इतकं पुरे."

मला ते कळलं. सगळ्यांनी पाठ फिरवली होती तेव्हाही तो समोरच होता, हे मला आता पक्कं वाटतं. आणखी एक कळलं. त्याने मला आईच्या पोटात शिवलं तेव्हा त्याला कसली घाई होती? कुठला साहेब कोटासाठी दारात ताटकळत होता? देव घाईत शिवत नाही, बाबा. त्याने हा हात असाच बेतला होता, आणि तो कुणासाठी ते त्याला माहीत होतं. मला कळायला उशीर झाला, तुम्हाला अजून व्हायचाय.

रोज सकाळी प्रार्थनेत मी तुमचं नाव घेते. उत्तर आलं नाही तरी घेत राहीन. पूर्वी उत्तराची वाट बघताना जेवण जात नव्हतं. आता वाट बघते आणि दोन वेळा वाढूनही घेते.

औषधं वेळेवर घ्या.

तुमची मुलगी

११ ऑक्टोबर

बाबा,

काल पार्सल आलं. पत्ता दादाच्या हातचा. आत चिठ्ठी नाही, काही नाही. फक्त तुमचा तपकिरी कोट.

आधी वाटलं, तुम्ही गेलात आणि दादाने तुमचा कपडा पाठवला. मी खिडकीशी गेले, अंगण बघत बसले, कोटाकडे बघवेना. मग घड्याळजींनीच तो मांडीवर घेतला आणि म्हणाले, "पोरी, इकडे ये. हा कोट कुणीतरी उलटा करायला घेतलाय."

उजव्या बाजूची बटणं उसवून डाव्या बाजूला लावलेली होती. जुन्या काजांवरच, झाकण ठेवल्यासारखी, आतून अस्तराची पट्टी देऊन. कापलेलं काज मिटत नाही पण झाकता येतं, हे तुम्हालाच सुचणार. पण टाके! असले टाके आपल्या दुकानात पहिल्या दिवशीच्या पोरानेही घातले नसते. गाठी वर, दोरा कुठे सैल कुठे आवळलेला, आणि टाक्यांचा कल माझ्यासारखा, उलटा. कडेला इस्त्रीच्या टोकाएवढी कापडाची चमक. ती बघितली आणि मला सगळं कळलं. कापड धरायला दुसरा हात नव्हता, म्हणून तुम्ही ते इस्त्रीखाली दाबून ठेवलंत. तुमचा उजवा हात गेला, बाबा. आणि दादा मला लिहितो, जरा नरम.

मग मी बटणाखाली बोट घातलं. बोट आत शिरलं. देठ उंच होता. आयुष्यात तुम्ही कोटाच्या बटणाला एवढा उंच देठ ठेवला नाहीत, बायकी दिसतो म्हणायचात. उंच देठाचं मी एकदाच लिहिलं होतं, घड्याळजींच्या शर्टाच्या पत्रात.

म्हणजे तुम्ही वाचत होता. इस्त्रीच्या टेबलाखाली काही गेलं नव्हतं.

मी कोटात तोंड खुपसून रडले. त्याला अजून खडूचा आणि तुमच्या डोक्याच्या तेलाचा वास येतो. घड्याळजी माझ्या पाठीवर थोपटत राहिले, डाव्या हाताने. नंतर कोट टेबलावर पसरला तेव्हा उजव्या बाजूला खडूच्या खुणा दिसल्या, चार, थरथरत मारलेल्या. तिथे काजं हवी आहेत. तुम्ही ती कापली नाहीत, दादालाही कापू दिली नाहीत. ती माझ्याकडे पाठवलीत.

मोठ्या सिस्टरांनी सुट्टी दिली आहे. "जा," म्हणाल्या, "पण परत ये, इथे आठ शर्ट अर्धे आहेत." परत यायचंच आहे मला, ते आधीच सांगते. इथे माझी माणसं आहेत, माझं टेबल आहे, आणि ज्याने मला इथे आणलं त्याचं काम आहे. तुम्ही हाक मारली नसतीत तरी ते माझंच होतं. पण हाक मारलीत आणि मला किती आनंद झालाय हे लपवणार नाही. तुमच्याकडून शिकायचं ते शिकले, लपवणं शिकले नाही.

काजं मी इथे कापणार नाही. अंगावर कोट चढवल्याशिवाय काजं कापायची नसतात, तुम्हीच सांगितलंय. शुक्रवारी पोचते. पायरी चढू नकोस म्हणाला होतात, ते मागे घ्यायला जीभ वळत नसेल तर खुर्ची दारात आणायला सांगा. मी पायरीखाली गुडघ्यावर बसेन आणि तुम्ही माझ्याकडे तोंड करून बसा. खडूच्या खुणा वाकड्या आहेत, पण मी त्या पुसणार नाही. त्यांच्यावरूनच सरळ कापीन.

कात्री माझी मी आणते आहे.

तुमची डावरी